जंबुसरला विहीर नको, पण टेक्सासचा वायू चालतो, हे कसे?

दांडियाबाजारकर:
रविवारी आमच्या वाचनमंडळात अमेरिकेच्या वायूनिर्यातीचा विषय निघाला. द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, म्हणजे एलएनजीच्या, नव्या निर्यात परवानग्या बायडन सरकारने जानेवारी २०२४ मध्ये रोखून धरल्या होत्या आणि ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये सत्तेवर येताच ती स्थगिती उठवली, एवढ्या बातमीवर दोन तास वाद झाला. शेवटी बहुतेकांचे मत पडले की तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे, आपण बडोद्यात बसून त्यावर कशाला बोलायचे. मला ते पटले नाही.

देशात पाइपचा गॅस ज्या शहरांत सर्वांत आधी आला त्यांत बडोदे आहे. १९७० च्या दशकात आमच्या वाड्यात जोडणी आली तरी आजीने कोळशाची शेगडी वर्षभर माळ्यावर जपून ठेवली होती, कारण नळातून विस्तव येतो यावर तिचा विश्वास बसत नव्हता. तेव्हाचा वायू जवळपासच्या विहिरींतला होता. आज त्याच निळ्या ज्योतीत टेक्सासचा आणि लुइझियानाचा वायू मिसळलेला असतो. गेल (GAIL) या सरकारी वायू कंपनीने लुइझियानातील सबीन पास प्रकल्पाशी २०११ मध्ये वर्षाला ३५ लाख टनांचा करार केला आणि २०१८ पासून तो माल येऊ लागला. अमेरिकेचा बहुतांश वायू शेल नावाच्या घट्ट खडकातून निघतो, आणि तो काढण्यासाठी जमिनीखाली हजारो फूट खोल पाणी, रेती आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकाला तडे पाडावे लागतात. त्यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

आता आपल्या शेजारच्या भरूच जिल्ह्यातला जंबुसर तालुका पाहा. गुजरातेतील शेल वायूसाठीची पहिली विहीर ओएनजीसीने २०१३ मध्ये तेथेच खोदायला घेतली. पुढे त्या शोधातून व्यापारी उत्पादन उभे राहिले नाही, परंतु तो विषय पुन्हा निघाला की आपल्यातलेच लोक ‘आमच्या जिल्ह्याशेजारी हे नको’ म्हणतात आणि घरी येऊन चहाचे आधण ठेवतात. आपल्या अंगणातला केर दुसऱ्याच्या दारात लोटायचा आणि वर आपले अंगण किती स्वच्छ म्हणून मिरवायचे, हा प्रकार मला लाजिरवाणा वाटतो. माझे म्हणणे सरळ आहे: जंबुसरला फ्रॅकिंग नको असेल, तर फ्रॅकिंगच्या वायूचे वीस-वीस वर्षांचे करारही नकोत.

निवृत्त खोदकाम्या:
तेल-वायूच्या विहिरींवर तीस वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे दुरुस्त करतो, राग नसावा.

तुमच्या आधणाखाली टेक्सास जळतो, हे वाक्य ऐकायला छान आहे, पण हिशोबाला धरून नाही. घरगुती पाइप गॅस आणि सीएनजी यांना देशातला स्वस्त वायू प्राधान्याने द्यायचा, हे सरकारी धोरण आहे, आणि तो कमी पडला की मगच महाग वायूची भर घातली जाते. आयात वायू मुख्यतः जातो तो खतांकडे, रिफायनऱ्यांकडे आणि कारखान्यांकडे. दुसरे असे की भरूच जिल्ह्यातल्या दहेज बंदरात २००४ पासून जो माल उतरतो आहे, त्यातला मोठा वाटा कतारचा आहे आणि कतारचा वायू शेलमधला नाही, समुद्राखालच्या साध्या साठ्यातला आहे. वायू आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीने कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये २०४८ पर्यंत वाढवला, तो याच वायूचा. वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की सहाशेव्या भागाएवढ्या जागेत मावतो आणि जहाजात भरता येतो. तो खडकातून कसा काढला याचे त्यावर कोणतेही लेबल नसते.

फ्रॅकिंग म्हणजे काल अमेरिकेतून आलेले भूत आहे, हाही गैरसमज आहे. घट्ट खडकाच्या जुन्या विहिरींमध्ये दाबाने तडे पाडण्याचे काम गुजरातेत कितीतरी वर्षे चालू आहे. नवे आहे ते जमिनीखाली आडवी वळवलेली लांब विहीर आणि तिच्यात टप्प्याटप्प्याने वीस-तीस वेळा केलेले भंजन. केसिंग, म्हणजे विहिरीतला पोलादी नळ, आणि सिमेंट नीट बसवले असेल, तर हजारो फूट खालचा तडा वरच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही. गडबड होते ती सिमेंट कच्चे राहिल्याने आणि जमिनीवरच्या निष्काळजीपणाने.

देशाच्या ऊर्जेत वायूचा वाटा सहा-सात टक्क्यांच्या घरात आहे, तो २०३० पर्यंत १५ टक्के करण्याचे उद्दिष्ट आहे, आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आपण बाहेरून आणतो. तो आणायचा नाही आणि आपल्याकडचा काढायचाही नाही, तर मग कोळसाच ना?

पादऱ्याची लेक:
काका, तुमच्या सिमेंटवर माझा विश्वास आहे. माझा प्रश्न सिमेंटच्या वरचा आहे.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार अशा एका विहिरीला १५ लाख ते १ कोटी ६० लाख गॅलन पाणी लागते, म्हणजे साधारण ५७ लाख ते सहा कोटी लिटर. त्यातले काही खाली राहते आणि काही परत वर येते, आणि वर येताना खालच्या खडकातले क्षार व धातू घेऊन येते. हे खारे पाणी ठेवायचे कुठे? ओक्लाहोमात ते खोल विहिरींत परत दाबून सोडले, तर ज्या राज्यात भूकंप क्वचित होत असत तेथे ते नेहमीचे झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला.

आपल्याकडे तर उत्तर तयारच आहे, म्हणून मला अधिक भीती वाटते. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी नेणारा सुमारे ५६ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून वाहतो आहे. तो पादरा तालुक्यातून जातो आणि सारोदजवळ महीच्या खाडीत रिकामा होतो. सारोद कोणत्या तालुक्यात आहे? जंबुसर. म्हणजे ज्या तालुक्यात तुम्ही शेलची विहीर खोदायला गेलात, त्याच तालुक्याच्या टोकाला शहराचे पाणी आधीच जाऊन पडते आहे.

माझ्या मामेभावाच्या शेतावरच्या बोअरमधून चार वर्षांपूर्वी तांबूस पाणी येऊ लागले. त्याने ते काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवले, तर तिसऱ्या दिवशी तळाशी विटकरी साका बसला आणि वर तेलकट पापुद्रा धरला. ती बरणी घेऊन तो तीन कार्यालयांत गेला. हे पाणी कोणामुळे बिघडले हे आजवर कोणीही त्याला लेखी दिलेले नाही, कारण पाणी बिघडण्याआधी ते कसे होते याची नोंदच कोणाकडे नव्हती. परवल आणि वांगी सोडून तो आता एरंडी लावतो. सांडपाणी प्रक्रियेची यंत्रणा चालू नसेल तर कारखाना चालू देऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर दिलेला आहे, तरीही ही स्थिती आहे. फ्रॅकिंगचे नियम कागदावर कितीही उत्तम असले, तरी ते राबवणार तीच माणसे आहेत.

मावशी, सध्या टेक्सासात:
मुलीकडे फोर्ट वर्थला आले आहे. या शहराच्या खाली बार्नेट शेल आहे आणि वस्तीतच विहिरी आहेत. फिरायला जाते त्या रस्त्यावर शाळेच्या मैदानापलीकडे विटांची उंच भिंत आहे, बाहेर फुलझाडे लावलेली आहेत आणि आत विहिरीची हिरवी टाकी. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना त्या विहिरीपोटी दरमहा चेक येतो. पूर्वी मोठा येत असे, आता जेमतेम बाहेर जेवण्यापुरता येतो, असे ते हसून सांगतात.

हा चेकच मला महत्त्वाचा वाटतो. येथे जमिनीखालच्या खनिजाचा मालक जमीनमालक असू शकतो, म्हणून माणूस आवाज, धूळ आणि ट्रक सहन करायला राजी होतो. आपल्याकडे खालचे सगळे सरकारचे, रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते, आणि जंबुसरच्या कापूस-तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मिळते ती फक्त वरच्या जमिनीची आणि पिकाची भरपाई. जोखीम त्याची आणि लाभ गांधीनगरचा. तरीही येथले सगळे राजी नाहीत, हेही सांगते. जवळच्या डेंटन शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान करून फ्रॅकिंगवर बंदी घातली, तर पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला.

निवृत्त खोदकाम्या:
मावशी, मालकीचा मुद्दा बिनतोड आहे. ताई, ओक्लाहोमाचे धक्के प्रामुख्याने सांडपाणी पुरण्याने झाले, खडक फोडण्याने नव्हे. अर्थात तुमचा प्रश्न सांडपाण्याचाच असल्यामुळे ही दुरुस्ती माझ्या फारशी कामाची नाही, हे मान्य करतो. पण एक सांगा, जंबुसरचा तोच शेतकरी २७० रुपयांच्या आत ४५ किलोची युरियाची गोणी आणतो, ती कशापासून बनते? नैसर्गिक वायूपासून. बडोद्याजवळच्या बाजव्याचा खत कारखाना वायूवर चालतो. आयात थांबवा म्हणणाऱ्यांनी त्या गोणीवर छापलेली किंमत आणि सरकार भरत असलेला फरक दोन्ही पाहावेत.

मकरपुऱ्याचा भट्टीवाला:
मी मकरपुरा जीआयडीसीत सुट्या भागांवर उष्मोपचार करून देतो. दोन भट्ट्या आहेत, दोन्ही गॅसच्या. पर्यावरणाचे मला कळत नाही, बिलाचे कळते. २०२० च्या उन्हाळ्यात आशियाच्या खुल्या बाजारात एलएनजी एका एमएमबीटीयूला (वायूचा भाव ज्यावर ठरतो ते उष्णतेचे माप) दोन डॉलरच्या आसपास होता. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये तोच ५० डॉलरच्या वर गेला. मोरबीच्या टाइलवाल्यांनी भट्ट्या प्रोपेनवर फिरवल्या. मी एक पाळी बंद केली आणि चार कामगारांना दिवाळीपर्यंत अर्ध्या पगारावर ठेवले. त्यांतला एक परत आला नाही.

त्याच वर्षी रशियाच्या गाझप्रोमची जर्मनीतली पूर्वीची उपकंपनी गेलला ठरलेली जहाजे देऊ शकली नाही. वीस वर्षांचा करार म्हणजे निश्चिंती, असे खोदकाम्या काका म्हणणार; करार मोडणारे दंड भरतात आणि माल जास्त भाव देणाऱ्याला विकतात, हे आम्ही पाहिले. आणि करार नाही केला तर खुल्या बाजारात पुन्हा ५० डॉलरची भीती आहेच. इकडे आड आणि तिकडे विहीर, तीही फ्रॅकिंगची.

दांडियाबाजारकर:
काकांची दुरुस्ती स्वीकारतो. माझ्या आधणाखाली टेक्सास कमी आणि आपला देशी वायू जास्त जळतो, हे मला ठाऊक नव्हते. परंतु त्यामुळे माझा प्रश्न माझ्या ओट्यावरून उठून युरियाच्या गोणीत आणि भट्टीत गेला, मिटला नाही.

‘मग कोळसाच ना’ यावर मात्र थांबावे लागेल. जळताना वायू कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे खरे. पण न जळता गळालेला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक तापवतो, आणि विहीर, नळ, द्रवीकरण, जहाज या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा गळतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०२४ मध्ये असे मांडले की अमेरिकेतून निर्यात होणारा एलएनजी या हिशोबाने कोळशापेक्षा ३३ टक्के अधिक घातक ठरतो. उलट अमेरिकी ऊर्जा खात्याच्या २०१९ च्या अभ्यासाने आशियात तो कोळशापेक्षा बरा ठरवला होता. दोघांत फरक पडतो तो गळती किती धरायची आणि वीस वर्षांचा हिशोब करायचा की शंभर वर्षांचा, यावर. जे खरेदीदार २०४८ पर्यंतची सही करतात त्यांनी विकणाऱ्याकडून मोजलेल्या गळतीचा आकडा करारातच लिहून मागावा, एवढ्यावर मी आता येतो. माझी पहिली मागणी कडक होती. भट्टीवाल्यांच्या चार कामगारांचा त्यात विचार नव्हता.

जंबुसरबाबत मात्र मी हटणार नाही. फ्रान्सने २०११ मध्ये बंदी घातली आणि लँकेशायरमधल्या धक्क्यांनंतर इंग्लंडने २०१९ मध्ये काम थांबवले. त्यांच्याकडे पाण्याच्या नोंदी आपल्याहून चांगल्या होत्या.

पादऱ्याची लेक:
नोंदीवरच या, कारण त्याला काकांचाही विरोध नसावा. पुढे कधी विहीर खोदायचीच ठरली, तर आसपासच्या प्रत्येक बोअरचे पाणी आधी तपासले जावे आणि निकाल गुजरातीत पंचायतीच्या भिंतीवर लावला जावा. माझ्या भावाची बरणी चार वर्षांनी आजही खिडकीत आहे, कारण तुलनेला दुसरी बरणी नाही.

निवृत्त खोदकाम्या:
विरोध नाही. आमच्या वेळी हे केले नाही, करायला हवे होते. गळतीच्या आकड्याची अट मात्र कतार किंवा अमेरिका आपल्यासाठी मान्य करील असे वाटत नाही. मोठा खरेदीदार मागेल तेव्हा करतील, आणि आपण अजून तेवढे मोठे नाही.

मकरपुऱ्याचा भट्टीवाला:
तुमचे चालू द्या. मी लहान भट्टी मागच्या महिन्यात विजेवर घेतली, मोठी गॅसवरच ठेवली आहे. काकांनी विचारण्याआधी सांगतो: वीज वणाकबोरीच्या वीजकेंद्रातल्या कोळशाची किती आणि कच्छच्या उन्हाची किती, ते बिलावर लिहिलेले नसते.