शब्दचर्चा: रिव्हर्बला काय म्हणायचं? प्रतिध्वनी, निनाद, अनुरणन की आस?

मूळ प्रश्न

घरी लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, अजून शिकतोय. एका जुन्या हाउस ट्रॅकमध्ये (टेम्पो मिनिटाला १२४ ठोके) क्लॅपच्या, म्हणजे टाळीसारख्या ठोक्याच्या, मागे एक घुमारा येतो. तो मला हवा आहे. आठवडाभर रिव्हर्बचे (आवाज एखाद्या जागेत घुमल्याचा भास देणाऱ्या इफेक्टचे) प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, चाळले, जवळपाससुद्धा जात नाही. मधेच एका मित्राला म्हटलं, "त्या क्लॅपचा प्रतिध्वनी ऐक." तर म्हणतो, हा प्रतिध्वनी नाहीच. मग आहे काय? रिव्हर्बला मराठीत नेमकं काय म्हणतात? शब्द सापडला की गोष्टही सापडेल, अशी एक वेडी आशा.

प्रतिसाद १

मित्राचं बरोबर आहे. प्रतिध्वनी म्हणजे इको. मूळ आवाज संपतो आणि मग तोच पुन्हा, सुटा ऐकू येतो. शाळेतलं गणित आठवा: आवाजाची जाणीव कानात साधारण ०.१ सेकंद टिकते, आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, म्हणून प्रतिध्वनी वेगळा कळायला भिंत निदान १७.२ मीटर लांब हवी. भिंती जवळ असल्या की परत येणारे आवाज एकमेकांत मिसळतात आणि मूळ आवाज नुसता लांबतो. त्याला विज्ञानाच्या पुस्तकात निनाद म्हटलं आहे. विषय संपला.

प्रतिसाद २

इतक्या लवकर कसा संपेल? "जयघोषाने आसमंत निनादला" असं आपण लिहितो तेव्हा आसमंताला भिंती कुठे असतात? निनाद हा मुळात ऐसपैस शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ नुसता आवाज, नाद. पाठ्यपुस्तकाने त्याला धरून एका कामाला जुंपलं, इतकंच. हिंदी पाठ्यपुस्तकांत याच कामाला अनुरणन हा शब्द आहे आणि मला तो जास्त पटतो. अनु म्हणजे मागून, रणन म्हणजे वाजणं. शिवाय शब्दाला घराणं आहे: संस्कृत काव्यशास्त्रातल्या ध्वनिसिद्धांतात, वाच्यार्थ कळून झाल्यावर मागून उमटणाऱ्या अर्थाला घंटेच्या टोल्यामागून रेंगाळणाऱ्या नादाची उपमा देतात आणि त्याला अनुरणनच म्हणतात.

पडसाद हाही सुंदर शब्द होता, पण बातम्यांनी तो गिळला. आता पडसाद उमटतात ते फक्त निर्णयांचे आणि वक्तव्यांचे.

प्रतिसाद ३

मी मिक्सिंग करते, म्हणून राहवत नाही. घंटेचा दाखला दिलात आणि अनुरणनाची बाजू पडली! घंटेमागे लांबणारा नाद घंटेच्या धातूचा असतो, खोलीचा नव्हे. उघड्या माळावर घंटा वाजवा, तरी तो रेंगाळेल. टाळी वाजवा, जागच्या जागी मरेल. तीच टाळी रिकाम्या दगडी जिन्यात वाजवली की शेपूट फुटतं. ते शेपूट जिन्याचं, टाळीचं नव्हे.

या पहिल्या प्रकाराला, वस्तूच्या स्वतःच्या लांबणाऱ्या नादाला, वादकांकडे शब्द तयार आहे: आस. तार छेडल्यावर मागे उरते ती आस. सिंथवर (सिंथेसायझरवर) नोट सोडल्यानंतर रिलीज म्हणून जे लांबतं ती सिंथची आस. डिलेमधून ठरलेल्या अंतराने येणारी आवर्तनं म्हणजे प्रतिध्वनी. आणि जागेमुळे, किंवा जागेचं सोंग घेणाऱ्या यंत्रामुळे, येतो तो निनाद. आपण बोलताना तिन्हींना "घुमतंय" म्हणतो आणि तिथेच फसतो. तुम्ही आठवडाभर रिव्हर्ब चाळलात. मुळात ते रिव्हर्ब आहे हे कशावरून ठरवलंत?

आधी हे तपासा. ट्रॅक घ्या, एका चॅनेलची फेज उलटी करा (ध्वनिलहर वरची खाली करा) आणि दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐका. म्हणजे डाव्यातून उजवा वजा झाला. किक (मोठ्या ड्रमचा जड ठोका), बेस, मुख्य गळा असं जे काही बरोबर मध्यभागी असतं ते नाहीसं होतं आणि स्टिरिओत पसरलेला निनाद उघडा पडतो. पहिल्यांदा करून पाहाल तेव्हा दचकाल, गायक निघून गेलाय आणि त्याची खोली मागे राहिलीय असं वाटतं. शेपूटही नाहीसं झालं तर एकतर ते रिव्हर्ब मोनो आहे, नाहीतर ते रिव्हर्बच नाही. एक सावधगिरी: एमपी३ वर हे करू नका. वजाबाकीत जी पाणचट भुरभुर ऐकू येते ती फाइल लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनची असते आणि नवखा माणूस तिलाच निनाद समजून बसतो.

मग तो आवाज जिथे एकटा आहे अशी जागा शोधा, म्हणजे ब्रेकच्या आधीचा शेवटचा ठोका किंवा ट्रॅकचा शेवट. तिथे तीन गोष्टी ऐका. मूळ ठोका आणि निनाद यांच्यात फट आहे का? तो प्रीडिले. आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर जातो, तेव्हा २० मिलिसेकंदांची फट म्हणजे जवळपास ७ मीटरचा जादा प्रवास. पोत कसा आहे? पहिल्या क्षणापासून दाट आणि चकचकीत असेल तर प्लेटचा संशय घ्या. ईएमटी १४० हे १९५७चं यंत्र म्हणजे चौकटीत ताणून बसवलेला पोलादाचा मोठा पत्रा. पत्र्यात वरच्या कंप्रता खालच्यांपेक्षा जोरात धावतात, म्हणून ती झळाळी. मागे "ट्वांग" किंवा थेंब पडल्यासारखा आवाज असेल तर स्प्रिंग रिव्हर्ब. आणि शेवटी, तो मरतो कसा? हळूहळू विरतो, लाटेसारखा डुलत विरतो, की सुरीने कापल्यासारखा तुटतो?

लांबी मोजायची तर आरटी ६० हे माप आहे: आवाज ६० डेसिबल खाली यायला, म्हणजे त्याची शक्ती दशलक्षांश व्हायला, लागणारा वेळ. या मोजणीचं मूळ हार्वर्डमध्ये. फॉग आर्ट म्यूझियमच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त रेंगाळायचा आणि ते निस्तरायचं काम १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर आलं. पण ट्रॅकमध्ये पूर्ण ६० डेसिबल ऐकू येईपर्यंत पुढचा ठोका पडलेला असतो. त्यामुळे वेव्हफॉर्मवर २० डेसिबलची घसरण मोजा आणि तिप्पट करा. हे गणित सरळ विरणाऱ्या निनादालाच लागू. कापलेल्याला नाही.

आणि ते ०.१ सेकंदाचं गणित वर्गात ठीक आहे. क्लॅपसारखा टोकदार आवाज ४० मिलिसेकंदांनी परत आला तरी कान "दोन" म्हणतो. पॅडसारखा, म्हणजे लांब धरलेल्या सुरांचा, मऊ आवाज ८० नी आला तरी एकच वाटतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

म्हणजे विषय संपला नव्हता. मान्य.

प्रतिसाद ४

जाता जाता एक शंका. ड्राय (रिव्हर्बशिवायचा आवाज) आणि वेट (रिव्हर्ब लावलेला) यांना तुम्ही लोक कोरडा आणि ओला म्हणता का? मराठीत "कोरडा आवाज" म्हणजे आपुलकी नसलेला आणि आवाजात ओलावा असणं म्हणजे माया. "गळा अजून ओला कर" असं कुणी म्हटलं तर गायिका पाण्याची बाटली शोधेल.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

ड्राय-वेटच म्हणतो. भाषांतर करायला गेलं की अशीच फजिती. पण गंमत म्हणजे अर्थ फार लांब गेलेला नाही: रिव्हर्बशिवायचा गळा खरोखरच तुटक, परका वाटतो.

प्रतिसाद ५

टेक्नोवाल्यांची बाजू मांडतो. डब टेक्नोतला तो धुकट कॉर्ड ऐकून सगळे रिव्हर्ब, रिव्हर्ब करतात. लक्ष देऊन ऐका, त्यातलं बरंच काम डिलेचं असतं. फीडबॅक चढवलेला, म्हणजे स्वतःचाच आवाज पुन्हा आत घेणारा डिले, प्रत्येक फेरीला फिल्टरमधून जाऊन आणखी मळकट होणारा, आणि त्याच्यामागे रिव्हर्ब. तुमच्या भाषेत, प्रतिध्वनींचा निनाद. क्रम उलटा केलात, आधी रिव्हर्ब आणि मग डिले, तर निनादाचे प्रतिध्वनी येतात आणि कडा वेगळ्याच लागतात.

दुसरं, रंबल. किकच्या मागे जमिनीतून येते ती गुरगुर. ती बहुतेक वेळा किकचीच असते: किक रिव्हर्बला पाठवायची, वरचं सगळं लो-पास फिल्टरने कापायचं, उरलेलं मोनो करायचं, थोडं डिस्टॉर्शन द्यायचं आणि किक पडेल तेव्हा ते दबेल असा साइडचेन लावायचा. खोलीचा मागमूस उरत नाही. याला निनाद म्हणवत नाही मला. गुरगुरच बरी.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, वजाबाकी करून पाहिली. वॅव्ह फाइल मिळवून केली. विचित्र प्रकार आहे. क्लॅप गेला आणि शेपटीचा सुरुवातीचा भागही त्याच्याबरोबर गेला. पण मागे एक बारीक खसखस उरली आणि ती पुढच्या सोळांशाच्या (पाव ठोक्याच्या) आसपास एकदम तुटते. विरत नाही. म्हणजे शेपटं दोन आहेत का?

प्रतिसाद ६

दोनच आहेत, आणि पहिलं रिव्हर्ब नाही. टीआर-८०८ (१९८०) आणि टीआर-९०९ (१९८३) या दोन्ही ड्रम मशीनच्या क्लॅपमध्ये घुमारा सर्किटमध्येच बसवलेला आहे. ८०८ मध्ये नॉइजचे (नुसत्या खरखरीचे) अंदाजे १० मिलिसेकंदांच्या अंतराने झटपट फटके येतात, बरेच लोक किंचित पुढेमागे टाळी वाजवतायत असं वाटावं म्हणून. त्यावर त्याच नॉइजचा हळू उतरणारा एक थर असतो, खोलीचा भास व्हावा म्हणून. खोली नाही, भिंत नाही, परावर्तन नाही. नॉइजचा आवाज कमी कमी होत जातो, बस. तो मोनो असतो म्हणून वजाबाकीत क्लॅपबरोबर गेला. तुमच्या सँपलमध्ये ते शेपूट आधीच असेल आणि वरून तुम्ही रिव्हर्ब ओतत असाल, तर प्रीसेट जुळणार कसा?

उरलेली खसखस म्हणजे गेटेड रिव्हर्ब, मधेच छाटलेला निनाद. ड्रमवर हा आवाज १९८० च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत घडला. पीटर गॅब्रिएलच्या ध्वनिमुद्रणात फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होते, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम. वादकांचं बोलणं कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून टांगलेल्या माइकवर कन्सोलमधला जबर कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणारं यंत्र) होता. त्यातून खोलीचा निनाद फुगून आला आणि नॉइज गेटने (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणाऱ्या यंत्राने) तो मधेच छाटला. थोड्याच वर्षांत एएमएसच्या आरएमएक्स १६ या डिजिटल यंत्रात तसल्याच आवाजाचा तयार प्रोग्राम मिळू लागला आणि मग तो जो तो वापरत सुटला.

कृती: क्लॅपची प्रत सेंडवरून वेगळ्या चॅनेलला न्या. तिथे आधी रिव्हर्ब, प्लेट किंवा मोठी रूम, डिके (विरायचा वेळ) दीड-दोन सेकंद. घाबरू नका, कापायचंच आहे. त्यामागे कॉम्प्रेसर, म्हणजे शेपूट उतरायच्या ऐवजी सपाट राहील. शेवटी गेट. इथे बहुतेक जण चुकतात: गेटला रिव्हर्बच्याच पातळीवर उघडझाप करायला लावतात आणि तो फडफडतो. गेटचा साइडचेन (उघडझापीचा इशारा) कोरड्या क्लॅपला जोडा. क्लॅप पडला की उघड, होल्ड (उघडं राहायचा वेळ) संपला की बंद. टेम्पो १२४ म्हणजे ठोका ४८४ मिलिसेकंदांचा आणि सोळांश १२१ चा. होल्ड तिथून सुरू करा आणि कानाने पुढेमागे करा. गेटचा रिलीज (बंद व्हायचा वेळ) जवळजवळ शून्य.

जुळलं की नाही हे पाहायचं तर तुमच्या मिक्सवरही तीच वजाबाकी करा आणि दोन खसखशी एकामागून एक ऐका. सगळा ट्रॅक ऐकत तुलना केलीत तर कान फसतो.

प्रतिसाद २ (पुन्हा)

हरलो, पण एक मागणी. ८०८ च्या सर्किटमधलं ते शेपूट वस्तूचं आहे, तरी सोंग खोलीचं घेतंय. मग ती आस की निनाद? तिथे तरी अनुरणन द्या!

प्रतिसाद ३ (पुन्हा)

दिलं. पण माझ्या चॅनेलवर मी "क्लॅप" एवढंच लिहिणार.

मूळ प्रश्नकर्ता

जमलं. म्हणजे अगदी तेच नाही, पण मित्राने आज "हा कुठून उचललास?" विचारलं. होल्ड शेवटी १३५ मिलिसेकंदांवर आला. फाइलमध्ये आता "आस" आणि "निनाद" असे दोन चॅनेल आहेत. निनादचा फेडर (आवाज कमीजास्त करायची कळ) मात्र रोज ऐकताना थोडा थोडा खाली येतोय.