जास्त मतं जॅक्सनना, मग अध्यक्ष अ‍ॅडम्स कसे?

डिचोलीहून लिहितोय. लेक बारावीला आहे, तिच्याबरोबर मीही १८२४च्या अमेरिकी निवडणुकीवर अडलोय. जॅक्सनना ९९ निर्वाचक मतं (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांची मतं), अ‍ॅडम्सना ८४, तरी अध्यक्ष अ‍ॅडम्स! आपल्या गोवा विधानसभेचं ४० पैकी २१ हे गणित पोरांनाही कळतं. हे कसलं गणित?

उत्तर : दादा, तिथेही बहुमतच लागतं. २६१ पैकी १३१ कुणालाच मिळाली नाहीत. मग निवड प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेली. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, राज्य लहान असो की मोठं. २४ पैकी १३ राज्यं अ‍ॅडम्सकडे गेली.

उत्तर : आणखी एक उमेदवार हेन्री क्ले, त्यांना विसरू नका. ते ३७ मतांवर चौथे आले आणि बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे फक्त पहिले तिघेच शर्यतीत उरले. पण प्रतिनिधिगृहाचे सभापती तेच होते! त्यांनी आपलं वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यात टाकलं आणि पुढे परराष्ट्रमंत्री झाले. जॅक्सनचे लोक ‘भ्रष्ट सौदा’ म्हणून पेटले.

डिचोलीकर : आता उलगडलं, आभार. क्लेंच्या केंटकी राज्याचं मात्र मनाला लागलं. तिथल्या विधिमंडळाने जॅक्सनना मत द्या असं कळवूनही प्रतिनिधींनी अ‍ॅडम्सना दिलं. लेक म्हणते, १८२८ला जॅक्सन १७८ निर्वाचक मतं मिळवून निवडून आले ते याच रागातून. मलाही तसंच वाटतं.