'स्लीपी' नेमकं कुठे चालतं?

प्रश्न: 'झोप येतेय'ला 'आय ॲम गेटिंग स्लीप' चालेल का? औषधावर 'ड्राउझी' का असतं?

– नाही. 'आय ॲम स्लीपी' किंवा 'फीलिंग स्लीपी' म्हणा. 'ड्राउझी'त पेंग, गुंगी आली. सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीवर तो इशारा असतो. गुंगी आली तर गाडी चालवू नका, असा त्याचा अर्थ.

– 'स्लीपी' गावालाही लागतं. 'स्लीपी व्हिलेज' म्हणजे जिथे फारसं काही घडत नाही. कधी हिणवल्यासारखं वाटतं, जपून वापरा. ब्रिटिश इंग्रजीत तर जास्त पिकून आतून मऊ पडलेलं नासपतीही 'स्लीपी'!

– पायाला मुंग्या आल्या तर मात्र 'माय फूट इज अस्लीप'. आणि 'ॲन अस्लीप बेबी' कधीच नाही; नामाआधी 'स्लीपिंग' येतं.