ईसॉपच्या खरेदीचे वाद: फक्त फेडरल कोर्टातच चालावेत का?

तळ्याकाठचा (धागाकर्ता)

आधी खुलासा, नाहीतर अर्धे प्रतिसाद भलतीकडे जातील. पुण्या-बंगळुरूच्या स्टार्टअपमध्ये पगारासोबत शेअर्सचे ऑप्शन मिळतात, त्याबद्दल हा धागा नाही. अमेरिकेतला ईसॉप म्हणजे निवृत्तीनिधीचा ट्रस्ट. मालकाचं वय झालं, मुलांना धंद्यात रस नाही, मग हा ट्रस्ट बहुधा कर्ज काढून कंपनी विकत घेतो आणि कर्ज फिटेल तसे शेअर्स कामगारांच्या खात्यावर चढतात. कोणत्या भावाला घ्यायचं ते ट्रस्टी ठरवतो, मूल्यांकन करणाऱ्या फर्मचा अहवाल समोर ठेवून. ज्यांच्या म्हातारपणाचा पैसा, त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं की भाव फुगवला गेल्याचा वाद फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातच चालावा. १९७४ च्या एरिसा या निवृत्ती योजनांच्या फेडरल कायद्याने हे बरंचसं केलेलंच आहे. विश्वस्ताने कर्तव्यात कसूर केली, हा दावा फेडरल कोर्टाशिवाय कुठेच चालत नाही. 'योजनेप्रमाणे माझे पैसे द्या' हा साधा दावा मात्र राज्याच्या कोर्टातही करता येतो. ही फट तरी कशाला ठेवली? ट्रस्ट एक आणि कामगार सात राज्यांत पसरलेले, मग प्रत्येक राज्याचा वेगळा निकाल काय कामाचा? फेडरल कोर्टात रकमेची किमान अट नाही, प्रतिवादी देशात कुठेही असला तरी समन्स बजावता येतं.

आणि तिथले न्यायाधीश आकड्यांत शिरतात. कॉन्स्टेलिस ही सुरक्षा सेवा देणारी कंपनी २०१३ मध्ये ईसॉपने घेतली. व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने मूल्यांकनाचा अहवाल उलटापालटा करून तपासला आणि २०१७ मध्ये ठरवलं की ट्रस्टने सुमारे २.९८ कोटी डॉलर जास्त मोजले. ते भरून देण्याची जबाबदारी विल्मिंग्टन ट्रस्ट या ट्रस्टीवर आली. २०१९ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला.

हिशेबनीस

जिंकलेल्या एका खटल्यावरून आख्खा कायदा गोड मानायचा का? कोर्ट कुठलं, हा दिसायला तांत्रिक प्रश्न आहे. पण त्या दारातून आत गेलात की काय मागता येईल तेही तिथेच ठरतं. एरिसाखाली सहसा ज्यूरी नाही. दंडात्मक भरपाई नाही, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच रसेल खटल्यात ती वाट बंद केली. नुकसान भरून निघालं तर ते योजनेत जमा होतं. ट्रस्टीने लबाडी केली तरी जास्तीत जास्त काय, तर नुकसान भरा आणि नफा परत करा. राज्याच्या कायद्यात फसवणुकीला यापेक्षा बरीच जबर शिक्षा बसू शकते.

वर त्याच कायद्याचं कलम ५१४. अशा योजनेशी 'संबंध असलेला' राज्याचा कुठलाही कायदा ते बाजूला सारतं. म्हणजे राज्याचं दार बंद, आणि फेडरल दारातून आत गेल्यावर निम्मी हत्यारं काढून घेतलेली. हे संरक्षण नेमकं कोणाचं?

तळ्याकाठचा

हिशेबनीससाहेब, विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅपव्हिअनचं उदाहरण घ्या. आधीचं नाव अ‍ॅपलटन पेपर्स. २००१ मध्ये कामगारांनी आपली निवृत्तीची बचत ईसॉपमध्ये वळवून कंपनी घेतली, २०१७ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पुढे दावा असा झाला की दरवर्षीचे मूल्यांकनाचे आकडे फुगवलेले होते. सातव्या सर्किटने (फेडरल अपील कोर्टांना सर्किट म्हणतात) २०२१ मध्ये सांगितलं की संचालक आणि अधिकाऱ्यांवरचे राज्य कायद्याखालचे दावे एरिसामुळे अडत नाहीत. एरिसाच एका माणसाला कंपनीचा अधिकारी आणि योजनेचा विश्वस्त अशा दोन्ही जागा देतो, मग कंपनीच्या बाजूची जबाबदारी कशी पुसणार? ट्रस्टी आणि मूल्यांकन फर्म यांच्यावरचे दावे मात्र अडले.

आता तो दावा कोणाचा होता ते बघा. दिवाळखोर कंपनीच्या वतीने, म्हणजे शेवटी धनकोंसाठी. कामगारांचा खटला वेगळाच चालला होता आणि त्यातले काही दावे २०२४ मध्ये त्याच सर्किटने पुन्हा उभे केले. संचालकांच्या विम्याची रक्कम ठरावीक असते. राज्याचं दार उघडं ठेवलंत तर त्या रकमेवर धनको आणि कामगार दोघेही धावणार. धनकोंचे वकील जास्त तगडे, हे सांगायला नको.

अटलांटाची_काकू

तुमचं ते सर्किट वगैरे चालू द्या, पण खाली काय होतं ते ऐका. मी अशा एका कंपनीत हिशेब खात्यात होते (नाव देत नाही). नोकरी सोडली. शेअर्स बाजारात विकता येत नाहीत, म्हणून कंपनीने परत घ्यायचे, तसा करकायद्याचा नियमच आहे. पण निवृत्तीच्या वयाआधी सोडलंत तर वाटप सुरू व्हायलाच काही वर्षं थांबवू शकतात, आणि पैसे पाच वर्षांच्या हप्त्यांनी देता येतात. मध्ये दुसरं मूल्यांकन आलं आणि माझा भाव घसरला. काउंटीच्या, म्हणजे राज्याच्याच स्थानिक कोर्टात दावा टाकला. तीस दिवस उलटायच्या आत त्यांनी तो उचलून फेडरल कोर्टात नेला. वकीलबाई म्हणाल्या, '२००४ च्या डाव्हिला खटल्यापासून असंच चालतं. तुम्ही कागदावर करारभंग लिहा नाहीतर फसवणूक, मागणी योजनेखालची असली की एरिसाच.'

तेव्हा तळ्याकाठच्या दादा, ती फट तुम्ही बंद करायची गरज नाही, ती कधीच बुजवलेली आहे. फरक इतकाच की घराजवळच्या कोर्टाऐवजी मला शहरात जावं लागलं आणि वकिलाचा ताशी दर वाढला.

नागपूरचा_वकील

अमेरिकेत वकिली करत नाही, तरी बोलतोच. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ चं कलम ४३० आहे. एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, त्याच्या अखत्यारीतल्या विषयाला दिवाणी कोर्टाने हात लावायचा नाही. हेतू चांगला. पण विषय अखत्यारीत येतो की नाही यावरच तारखांवर तारखा पडतात ना भाऊ! अमेरिकेत तसंच दिसतं. एक बाजू खटला फेडरल कोर्टात ओढते, दुसरी परत पाठवा म्हणते, आणि अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत पाठवलाच तर त्यावर सहसा अपील नाही. दार एकच ठेवलं की भांडण दारातच होतं. त्यापेक्षा दोन्हीकडे मुभा द्या आणि निवड कामगाराला करू द्या.

शंकासुर

तुम्ही सगळे कोर्टावर भांडताय. योजनेच्या कागदपत्रात लवादाचं कलम घातलेलं असतं ते वाचलंय का कोणी? कोर्ट नाही, सामूहिक दावा नाही, प्रत्येकाने फक्त आपल्या खात्यापुरतं मागायचं.

तळ्याकाठचा

वाचलंय, आणि तिथेच माझा मुद्दा भक्कम होतो. सातव्या सर्किटने २०२१ मध्ये, तिसऱ्या आणि दहाव्या सर्किटने २०२३ मध्ये, दुसऱ्याने २०२४ मध्ये ईसॉपमधली अशी कलमं धुडकावली. कारण एरिसा संपूर्ण योजनेचं नुकसान भरून मागण्याचा हक्क देतो आणि तो हक्क लवादाच्या नावाखाली काढून घेता येत नाही. हक्क फेडरल कायद्याचा होता म्हणून तो टिकला. राज्याच्या कायद्यातला असता तर फेडरल लवाद कायद्यापुढे त्याचं काही चाललं नसतं.

शंकासुर

म्हणजे पुढचं कलम जरा हुशारीने लिहितील, एवढंच. योजनेचा दावा करू देतील, पण लवादापुढे आणि बंद खोलीत.

हिशेबनीस

लवादाचा मुद्दा बिनतोड, तो मान्य. पण एकसारख्या न्यायाचं म्हणाल तर ट्रस्टने शेअर्ससाठी मोजायचा 'योग्य मोबदला', म्हणजे वाजवी किंमत, कशी ठरवायची याचा नियम कामगार खात्याने १९८८ मध्ये मसुदा म्हणून काढला, तो अंतिम झालाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा आणला आणि सरकार बदलताच मागे घेतला. नियंत्रणाच्या हक्काचं मोल किती धरायचं, विक्रेत्याने दिलेल्या अंदाजांवर किती विसंबायचं, यावर फेडरल न्यायाधीशांतच एकमत नाही. मग एकाच दाराचा आग्रह का? डेलावेअर राज्याचं चान्सरी कोर्ट, जिथे कंपन्यांचे वाद चालतात, कंपन्यांचे भाव रोज ठरवतं. त्यांना हे कळत नाही असं म्हणायचंय?

तळ्याकाठचा

त्यांना भाव कळतो. पण तिथे भांडणारे बहुतेक गुंतवणूकदार असतात. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कनिंगहॅम विरुद्ध कॉर्नेल खटल्यात एकमताने सांगितलं की निषिद्ध व्यवहाराचा (योजनेने हितसंबंधितांशी केलेला, कायद्याने मनाई असलेला व्यवहार) दावा टाकताना तो मनाईतून दिलेल्या सवलतीत बसत नाही हे कामगाराने आधी मांडायची गरज नाही. सवलत आहे म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी. ईसॉपच्या खरेदीत योग्य मोबदला ही सवलतच आहे. भाव बरोबर होता हे ट्रस्टीनेच दाखवायचं. मूल्यांकनाची कागदपत्रं कामगाराच्या हाती नसतात, त्यामुळे हे ओझं ट्रस्टीवर असणं ज्यूरीपेक्षा मोलाचं आहे.

हिशेबनीस

त्याच निकालात कोर्टाने न्यायाधीशांना असंही सुचवलंय की पोकळ दावे रोखायला वादीकडून सवलतीबद्दल नेमकं उत्तर मागवता येईल. कुठला न्यायाधीश ते किती वेळा मागवतो ते बघू.

अटलांटाची_काकू

आणि मुदतीचं कोणी बोललंच नाही. विश्वस्ताविरुद्ध सहा वर्षं, पण तुम्हाला प्रत्यक्ष माहिती झाली असेल तर तीनच. इंटेल कंपनीच्या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे नुसती ईमेल आली म्हणजे माहिती झाली असं नाही, तुम्हाला खरंच कळलेलं असावं लागतं. तेव्हा कोणाला दरवर्षीचं खात्याचं पत्रक येत असेल आणि त्यावरचा भाव खटकत असेल, तर तारीख लिहून ठेवा आणि आधी वकील गाठा. कोर्ट कुठलं ते तोच सांगेल.