लावणीनंतरचं गळू आणि मधुमेह

वडिलांना साखर आहे, लावणीच्या दिवसांत मांडीवर आलेलं गळू गोळ्यांचे दोन कोर्स होऊनही परत भरतंय, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर इथे कुणी गरम पोटीस लावायला सुचवलंय. कृपा करून ते नको, पिळणंही नको. मधुमेहात नसा बधिर झालेल्या असू शकतात, भाजलेलं कळतच नाही.

पुवाच्या पोकळीत रक्त फिरत नाही, म्हणून औषध तिथवर नीट पोचत नाही. चीर देऊन पू काढावा लागतो आणि आतले कप्पे मोडावे लागतात. एखादा कप्पा राहिला की वरची कातडी मिटते, आत पुन्हा भरतं. तोच पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवा, शक्यतो पुढचं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी.

कोकणातल्या पावसात डॉक्टरांना आणि लॅबलाही आवर्जून सांगा: मधुमेह आहे, शेतातल्या चिखलात काम केलंय, मेलिऑयडोसिस (एका जंतूमुळे होणारा संसर्ग) आहे का बघा. हा जंतू माती-पाण्यात राहतो. सूचना नसेल तर लॅबमध्ये तो सुडोमोनास नावाचा दुसराच जंतू समजला जातो, नाहीतर बाहेरून मिसळलेला म्हणून सोडून दिला जातो. निघालाच, तर साधारणपणे किमान १० ते १४ दिवस सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम हे अँटिबायोटिक शिरेतून आणि पुढे किमान ३ महिने को-ट्रायमोक्साझोल हे दुसरं अँटिबायोटिक. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की उलटतो.

संसर्गात साखर चढते आणि चढलेली साखर पांढऱ्या पेशींना दुबळं करते. तात्पुरतं इन्सुलिन सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नका. थंडी वाजून ताप, झपाट्याने पसरणारी लाली, काळी पडणारी कातडी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.