सिम्युलेटरमधलं विमान लूप (हवेत उभा गोल) घेताना मधेच गरागरा का फिरतं?

प्रश्न: सी++ मध्ये छोटा फ्लाइट सिम्युलेटर लिहितोय, सरळ उडताना सगळं मस्त चालतं पण नाक वर ९० अंशांवर गेलं की विमान वेड्यासारखं फिरतं, आणि मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर तर तेच विमान वेगळंच उडतं. काय चुकतंय?

उत्तर १: पिच (नाक वर-खाली), रोल (पंखांचा कल) आणि यॉ (नाक डावी-उजवीकडे) असे तीन कोन साठवतोयस ना? ९० ला रोल आणि यॉ एकच होऊन बसतात, गिंबल लॉक म्हणतात त्याला. त्याऐवजी क्वाटर्नियन वापर, म्हणजे विमानाची दिशा चार आकड्यांत साठवायची पद्धत, आणि दर स्टेपला (गणिताच्या प्रत्येक टप्प्याला) नॉर्मलाइझ करायला, म्हणजे त्याची लांबी परत १ करायला विसरू नकोस.

उत्तर २: लॅपटॉपचं कारण वेगळंय, फिजिक्स फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) बांधलंयस. ठरावीक १/१२० सेकंदाच्या स्टेपने चालव, जेएसबीसिम हे उड्डाणाचं गणित करणारं सॉफ्टवेअरपण डिफॉल्टला तेच करतं, कोड ओपन सोर्स आहे, एकदा वाचच.

प्रश्नकर्ता: क्वाटर्नियन टाकलं, लूप पूर्ण झाला!! आता स्टेपचं बघतो.