हेम्पच्या बियाच्या पाकिटावर "सॅटिव्हा" छापलंय म्हणून ते कायदेशीर? (चर्चा)

खानापुरी_वाटसरू
आमच्या खानापूर भागात सध्या एक एजंट फिरालाय, हेम्पचं (गांजाच्याच जातीचं, धाग्यासाठी लावायचं झाड) बी देतो म्हणतोय, धागा आम्हीच उचलणार, बी पण आम्हीच उचलणार, आणि पाकिटावर ठळक अक्षरात "सॅटिव्हा". त्याचं गणित असं की इंडिका म्हणजे गांजा, सॅटिव्हा म्हणजे हेम्प, दोन झाडंच वेगळी, त्यामुळं पोलिसांचा काय संबंध नाही. गावातली शिकलेली पोरंसुद्धा यूट्यूब बघून हेच बोलालीत.

माझं मत स्पष्ट आहे, इंडिका-सॅटिव्हा हा भेद शेतकऱ्याला फसवायला वापरला जातोय, बाकी त्याचा काय उपयोग नाही. थोडं मागं जाऊन बघा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये सॅटिव्हा नाव दिलं ते युरोपात धाग्यासाठी लावत होते त्या झाडाला. दुसरा शास्त्रज्ञ लामार्क, त्यानं १७८५ मध्ये भारतातून गेलेले नमुने बघून इंडिका असं वेगळं नाव दिलं. रुडेरालिस हे तिसरं नाव १९२४ चं, रशियाकडच्या रानटी बुटक्या झाडाचं. आज बाजारात इंडिका म्हणजे बुटकं, झुडपासारखं, रुंद पानाचं असं समजतात, ते मूळ हिंदुकुश-अफगाणिस्तानकडचं. आणि सॅटिव्हा म्हणजे उंच, बारीक पानाचं. आता गंमत बघा, लामार्कच्या हातात जे भारतीय झाड होतं ते बारीक पानाचंच! केरळात इडुक्कीकडं किंवा आंध्र-ओडिशाच्या डोंगरात जो गांजा धरतात तो पण उंच, बारीक पानाचाच असतो. म्हणजे एजंटच्या हिशोबानं तो सगळा "सॅटिव्हा" झाला, आणि नशा तर त्यात भरपूर. मग पाकिटावरच्या नावाला काय चाटायचं?

बघायचं असेल तर टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) किती ते बघा, आणि झाड नर की मादी ते बघा. बाकी पान रुंद का अरुंद, त्यावर कुणी पैसे लावू नका.

अथणीचा_ऊसवाला
वाटसरू अण्णा, तुम्ही एका एजंटावरून सगळ्या हेम्पलाच झोडपालासा. जगात धाग्याचं झाड वेगळं आणि गांजाचं वेगळं मानतातच की. उत्तराखंडनं २०१८ पासून लायसन देऊन लावायला दिलंय, २०२१ ला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं हेम्पचं बी आणि तेल खायला चालतं म्हणून नियम काढले. आम्ही काय फक्त ऊस लावून कारखान्याच्या बिलाची वाट बघत बसायचं काय? आंब्यात हापूस वेगळा, पायरी वेगळी, तसंच हे. जात बघून लावलं तर अडचण काय?

चिक्कोडी_वकील
ऊसवाले, अडचण सांगतो. एनडीपीएस कायदा १९८५ (अमली पदार्थांचा कायदा) मध्ये "कॅनाबिस प्लांट"ची व्याख्या आहे, कॅनाबिस (गांजा-हेम्पचं शास्त्रीय नाव) वंशातलं कुठलंही झाड. संपलं. इंडिका नाही, सॅटिव्हा नाही, हेम्प नाही, कुठलंही. कलम ८ नं लागवडीला बंदी, कलम २० नं शिक्षा, लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. उत्तराखंडचं उदाहरण देता ते कलम १४ खालचं आहे, धागा, बी किंवा बागायती कामासाठी सरकार आदेश काढून लागवडीला परवानगी देऊ शकतं. तसा आदेश आणि लायसन हातात नसताना बी मातीत टाकलं की तुम्ही आरोपी, मग पाकिटावर ज्ञानेश्वरीची ओवी छापलेली असू दे.

आणि एक, कलम ४६ कुणी वाचत नाही. स्वतःच्या जमिनीत बेकायदा झाड आहे हे माहीत असून कळवलं नाही तरी गुन्हा. आपल्याकडं कितीतरी जण शेत खंडानं देऊन बेळगावात नाहीतर पुण्याला राहतात, त्यांनी हे वाचून ठेवा.

म्हणून वाटसरूंनाही माझा विरोध आहे. तुम्ही म्हणता टीएचसी बघा. लागवडीच्या गुन्ह्यात टीएचसीचा आकडा विचारतच नाहीत हो, झाड कॅनाबिस आहे का एवढंच. तुमचा "खरा भेद" घेऊन कोर्टात आलात तर मी तुमची केस घेणार नाही.

टिळकवाडीची_अक्का
मला एक कळत नाही, हे सगळं इतक्या चवीनं बोलायचं कशाला? मी शाळेत शिकवते. नववी-दहावीची पोरं "इंडिकानं झोप येते, सॅटिव्हानं एनर्जी येते" असं एकमेकांना सांगालीत, जसं काय चहा-कॉफी. तुम्ही मोठी माणसं प्रकार-उपप्रकार सांगत बसलासा की त्यांना वाटतं, अरे यात एक चांगला प्रकार पण असतो वाटतं! गांजा तो गांजा. कोवळ्या वयात लागला की डोक्यावर परिणाम होतो, काहींना वेड लागायची वेळ येते, हे डॉक्टर सांगतात. तेवढं सांगा आणि ही चर्चा बंद करा.

खानापुरी_वाटसरू
अक्का, उलट बंद केल्यानंच ती पोरं असलं ऐकतात. "इंडिकानं झोप, सॅटिव्हानं एनर्जी" हे दुकानदारांनी पसरवलेलं आहे. कॅनडात २०१५ साली गांजाच्या आणि हेम्पच्या नमुन्यांची जनुकं तपासली, तर हेम्प आणि गांजा यांच्यात फरक दिसला पण गांजाच्या पुड्यांवरची इंडिका-सॅटिव्हा ही लेबलं जनुकांशी धड जुळत नव्हती. वर्गात हे सांगितलं तर त्या "चांगल्या प्रकाराची" हवाच निघते की.

वकीलसाहेब, तुमचं कायद्याचं मान्य. पण लायसन मिळालेल्या राज्यात शेवटी मोजतात काय? टीएचसीच ना? ०.३ टक्के.

माळमारुतीचा_केमिस्ट
त्या ०.३ वर थोडं बोलतो कारण लोक त्याला ब्रह्मवाक्य समजालेत. १९७६ मध्ये कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेचे आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी वर्गीकरण केलं, सगळी एकच प्रजाती, तिच्या दोन उपप्रजाती, आणि दोन्हीमध्ये रेघ कुठं मारायची तर टीएचसी ०.३ टक्क्याला. ही रेघ आम्ही सोयीसाठी मारलीय हे त्यांनी स्वतःच मान्य केलेलं आहे. ०.३ ला झाड साधं आणि ०.४ ला राक्षस असं शास्त्रात काय नाही. पुढं सरकारांनी तोच आकडा उचलून कायद्यात घातला.

आतला खेळ असा. झाड आधी एक आम्ल तयार करतं, सीबीजीए. त्याच्यावर एक एन्झाइम काम करतं तेव्हा टीएचसीए होतं, दुसरं करतं तेव्हा सीबीडीए होतं. कुठलं एन्झाइम चालणार हे झाडाच्या जनुकात. म्हणून तीन गट पडतात, टीएचसी जास्त, दोन्ही साधारण सारखं, आणि सीबीडी (नशा न आणणारं द्रव्य) जास्त. टीएचसीए कच्चं असताना नशा देत नाही, उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. टीएचसी वेगळं काढून ओळखलं ते १९६४ मध्ये इस्रायलमध्ये, मेशोलम आणि गाओनी यांनी. हे कशानंही डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून वाटसरूंशी मी अर्धा सहमत.

अर्धा नाही तो नर-मादीच्या बाबतीत. नर-मादी बघा म्हणजे काय? हेम्पमध्ये पण नर-मादी असतातच, बी तर मादीलाच धरतं. मादी दिसली म्हणजे गांजा असा अर्थ लोकांनी काढला तर?

खानापुरी_वाटसरू
तसा अर्थ काढू नका, माझा मुद्दा वापराचा होता. गांजा म्हणजे मादीचे फुलोऱ्याचे शेंडे, चीक तिथंच जास्त. परागकण लागले की झाड बी धरतं आणि शेंड्याची प्रत उतरते, म्हणून गांजावाले नर झाडं शोधून आधी उपटतात. धाग्यावाला कशाला उपटेल? तो तर दाट पेरतो, फांद्या फुटू देत नाही, काठी सरळ उंच यावी म्हणून. दाट आणि सरळ असेल तर धागा, लांब लांब लावून प्रत्येक झाड झुडुपासारखं वाढवलेलं असेल आणि नर गायब असतील तर विषय वेगळा. झाडापेक्षा शेतावरून जास्त कळतंय.

निपाणीकर_तंबाखूवाला
उसाच्या मधल्या सरीत चार-चार फुटांवर लपवून लावलेलं असतं ते काय धाग्यासाठी नसतं हे आमच्या म्हशीला पण कळतंय 😄 पेपरात दर सीझनला बातमी असतेच. पण अक्कांना एक विचारायचं होतं, निपाणीच्या तंबाखूवर अख्खी बाजारपेठ उभी राहिली, त्यावर शाळेत कुणी एवढं चिडत नाही, ते कसं काय?

टिळकवाडीची_अक्का
चिडते की. तंबाखूवर पण बोलते, तुमच्या निपाणीत येऊन बोलेन. एक विष चालू आहे म्हणून दुसऱ्याला पायघड्या घालायच्या असतात काय?

धारवाडी_बीएस्सी_ॲग्री
सगळेच एक गोष्ट विसरालेत. वाटसरू म्हणतात प्रकाराचा शेतकऱ्याला उपयोग नाही, मला हे अजिबात पटत नाही. नाव चुकीचं असेल पण वाण कुठल्या अक्षांशावरचा आहे ते प्रचंड महत्त्वाचं आहे. हे झाड दिवस लहान झाला की फुलोऱ्याला येतं. फ्रान्स, युक्रेनकडच्या धाग्याच्या वाणांना उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस मिळतो, त्यात ते महिनोन् महिने नुसतं उंच वाढतात, मग फुलतात. आपलं बेळगाव साधारण १६ अक्षांशावर, जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सुद्धा तेरा तासांच्या आसपास. ते युरोपचं बी इथं टाकलं की झाडाला वाटतं पावसाळा सुरू व्हायच्या आतच सुगी आली, गुडघा-मांडीएवढं असतानाच फुलतं. धागा कुठला निघणार, सुतळी पण होणार नाही.

रुडेरालिसचं तर उलटं, ते दिवसाकडं बघतच नाही, ठरावीक वय झालं की फुलतं, थंड मुलखातला आखूड हंगाम गाठायला तयार झालेलं झाड ते. त्याच्यापासून केलेले वाण पण बुटकेच.

आणि ऊसवाले मामा, हापूस-पायरीचं उदाहरण इथं लागू नाही. हापूस कलमानं येतो, प्रत्येक झाड आईसारखंच. हे बियाण्यापासून येतं, वाऱ्यावर परागकण लांबवर जातात, शेजारच्या फडात कुणी गांजा लपवला असेल तर तुमच्या हेम्पच्या पुढच्या बियात ती जात शिरते. पहिल्या वर्षी टीएचसी कमी निघालं म्हणून तिसऱ्या वर्षी घरचं बी ठेवून पेरलं तर तेवढंच निघेल याची कुणी खात्री देऊ नये.

अथणीचा_ऊसवाला
म्हणजे मग एजंटला विचारायचं की बी कुठल्या देशातलं?

धारवाडी_बीएस्सी_ॲग्री
आधी लायसन विचारा मामा, मग देश. आणि धागाच हवा असेल तर आपल्याकडं अंबाडी हाय की. तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, कारण पान गांजाच्या पानासारखं फाटलेलं दिसतं. पण जवळून बघितलं तर चूक होत नाही, अंबाडीचं फूल भेंडीच्या फुलासारखं, पिवळसर आणि मध्ये गडद, देठाला बारीक काटे. पुंडीपल्ल्याची (अंबाडीच्या पाल्याची) भाजी खाणाऱ्याला सांगायला नको. तागाचं पण तसंच, उसाच्या आधी हिरवळीचं खत म्हणून तुम्ही गाडताच, त्याचं पिवळं फूल शेंगावर्गातलं, पान साधं लांबट. दोघांचाही कॅनाबिसशी काडीचा संबंध नाही, धागा निघतो आणि पोलीस पण येत नाहीत.

चिक्कोडी_वकील
पोलीस येतात तेव्हाचं पण सांगून टाकतो, कारण "पान चालतं, फुलोरा चालत नाही" असं अर्धवट फिरतंय. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे शेंडे अशीच आहे, पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर वगळलेल्या आहेत. भांगेचा विषय त्यामुळं वेगळा पडतो, कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात भांग एनडीपीएसमध्ये येत नाही असं म्हटलं होतं. पण ती पानापासून केलेल्या भांगेची गोष्ट, ती पण जामिनाची, आणि पानावर राज्याचा अबकारी कायदा आहेच. तुमच्या रानातल्या उभ्या झाडाला त्याचा फायदा नाही. उभं झाड म्हणजे लागवड, लागवड म्हणजे कलम २०. वजनावरून मात्र कोर्टात खरी भांडणं होतात, एक किलोच्या आत गांजा लहान प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, आणि पोलीस ओलं झाड मुळासकट, देठासकट, पानासकट काट्यावर टाकतात. तिथं नर किती, मादी किती, शेंडे वेगळे केले का, हे सगळं विचारता येतं. तेवढ्यापुरता वाटसरूंचा नर-मादी मुद्दा मी बॅगेत ठेवतो.

खानापुरी_वाटसरू
बघा, शेवटी घेतलासाच 😀

बीएस्सी भाऊ, अक्षांशाचं पटलं पण ते माझ्या विरोधात कुठं जातंय? पाकिटावर अक्षांश लिहिलेला नाही, "सॅटिव्हा" लिहिलंय. मी तेच म्हणालोय.

धारवाडी_बीएस्सी_ॲग्री
नाही, तुम्ही म्हणालात प्रकार बघू नका. मी म्हणतो प्रकार जास्त बारकाईनं बघा. आमच्या विद्यापीठासारख्या ठिकाणी कलम १४ खाली परवानगी घेऊन आपल्या अक्षांशावरच्या देशी झाडांची निवड करून कमी टीएचसीचा वाण काढला पाहिजे, त्याशिवाय सीमाभागात हेम्पची गोष्ट करणं म्हणजे वेळ घालवणं.

टिळकवाडीची_अक्का
देशी झाडं गोळा करून विद्यापीठात लावणार! कुंपण किती उंच घालणार तेवढं पण सांगा.

माळमारुतीचा_केमिस्ट
अक्का, कुंपणानं परागकण थांबत नाहीत, तुमचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे.

अथणीचा_ऊसवाला
मी एजंटला फोन लावला. लायसनचा कागद दाखवा म्हटलं तर "तो बी घेतल्यावर मिळतो" म्हणाला. वकीलसाहेब, असं असतंय काय?

चिक्कोडी_वकील
नसतंय. आणि घेतलंच असेल तर पेरू नका, उद्या सकाळी पाकीट घेऊन या माझ्याकडं.